माळावरच्या चित्रघरात अकरा महिने

किस्से तिथे असताना घडत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. तिथे असताना तो नुसता मंगळवार असतो. कुत्र्याने कुणाची तरी चप्पल पळवलेली असते, टाकीतलं पाणी संपलेलं असतं, कुणीतरी कुणावर रुसलेलं असतं, आणि आपण केरसुणी शोधत असतो. मग आपण तिथून निघून येतो, पुण्यात दहाव्या मजल्यावर एसीत बसतो. एक दिवस मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "आपण ग्रासरूट लेव्हलला काम केलं पाहिजे," आणि आपल्याला खुदकन हसू येतं. बॉस विचारतो, "केतकी, काय झालं?" काय सांगणार! एकाला जोडून दुसरा, दुसऱ्याला जोडून तिसरा, असे ते किस्से साठत जातात. आणि गंमत म्हणजे जेवढं लांब जावं तेवढे जास्त साठतात.

तर, माण तालुक्यात दहिवडीपासून आत, एका उघड्या माळावर मातीच्या भिंतींचं एक घर आहे. तिथे चित्रं काढतात, मातीकाम करतात, जुनं देशी बियाणं जपतात, माळावरच्या गवताची आणि पाखरांची नोंद ठेवतात. वेबसाइटवर त्याचं नाव लांबलचक इंग्रजीत आहे. गावात त्याला 'चित्राचं घर' म्हणतात. मी तिथे पंधरा दिवसांसाठी व्हॉलंटियर म्हणून गेले आणि अकरा महिने राहिले. परत येऊन दोन वर्षं झाली. डबा खाताना ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, "सांग ना गं तिकडचं काहीतरी." 

सांगते.

*

हे घर नीलाताईंचं. मूळच्या वाईच्या, चित्रकार, सत्तरीला टेकलेल्या. वीसेक वर्षांपूर्वी माळाचं चित्र काढायला म्हणून इथे आल्या आणि 'अजून ते पुरं झालेलं नाही' म्हणून इथेच राहिल्या.

मी पोचले तो मे महिन्याचा शेवट. ट्रॉलीची चाकं खडीत अडकून एक निखळलेलं, चेहरा उन्हाने लाल. नीलाताई ओसरीवर बसून चिंचा फोडत होत्या. मी माझा पोर्टफोलिओ आधीच ईमेल केला होता. त्यांनी तो उघडलासुद्धा नव्हता.

"काय काय येतं तुला?"

मी पाठ केलेलं म्हणायला लागले, "इलस्ट्रेशन, ब्रँडिंग, पॅकेजिंग, थोडं ॲनिमेशन..."

"झोप येते का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या परत म्हणाल्या, "झोप गं. नीट येते का?"

आणि मला रडूच फुटलं! गेलं वर्षभर मी धड झोपले नव्हते. नोकरी सोडली होती ती त्यापायीच. हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि ही बाई चिंचोका बाजूला टाकता टाकता विचारत होती!

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात शालनमावशी येऊन उभ्या राहिल्या. मावशी शेजारच्या रानात राहतात आणि इथलं दुपारचं जेवण बघतात. त्यांचे मालक मुंबईला मार्केटात माथाडी आहेत, ते वर्षातून दोनदा येतात. मावशींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नीलाताईंना विचारलं, "ताई, ह्या व्हॉलंटियर हायत का पेशंट?"

नीलाताई शांतपणे म्हणाल्या, "शालन, ते अजून ठरलेलं नाही."

तीन दिवस मी नुसती झोपले. चौथ्या दिवशी सकाळी मावशींनी पायाला केरसुणी टोचली. "उठा, पेशंट!" तेव्हापासून निघेपर्यंत माझं नाव तेच.

*

माझ्या पहिल्याच आठवड्यात आम्ही झाडं लावायचं ठरवलं. म्हणजे मीच ठरवलं. झोप पुरी झाल्यावर अंगात एकदम उत्साह येतो! आणखी तीन व्हॉलंटियर होते, त्यांनाही पटवलं. नीलाताई तेव्हा बहिणीकडे वाईला गेल्या होत्या. पावसाच्या आधी खड्डे तयार पाहिजेत म्हणून आम्ही पहार-फावडी घेऊन माळावर उतरलो. मुरमाड जमीन. पहार मारली की ठिणगी उडायची. तळहाताला फोड आले, त्यांचे फोटो काढून मी इन्स्टाग्रामवर टाकले.

म्हाकूआण्णांची मेंढरं त्याच माळावर असायची. आण्णा उंच, वाळके, खांद्यावर घोंगडं. रोज येऊन एका दगडावर बसायचे आणि आमचं काम बघायचे. मधूनच उठून कुणाची तरी पहार सरळ धरून द्यायचे. आम्हाला वाटायचं, किती गोड माणूस!

पाचव्या दिवशी चाळिसावा खड्डा झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आण्णा जवळ आले. "झालं पुरं?"

"झालं आण्णा!"

"झाडं कशापायी लावायची म्हनं?"

"पाखरांसाठी. सावली होईल, घरटी करतील."

आण्णांनी मान हलवली. मग माळाकडे हात केला. "आन् ही हितली पाखरं? ह्यास्नी झाड नगं असतंय. झाडावर ससाणा बसतुय. झाड आलं की ही जात्यात. गवताची पाखरं हायत ही. मेंढरंबी गवताचीच."

मी कशीबशी म्हणाले, "अहो आण्णा, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

आण्णा खरोखर अवघडले. "आवं, तुमी एवढं मन लावून खणत हुता. मोडवंना!"

नीलाताई परतल्या, त्यांनी माळ पाहिला, आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. मग आम्ही चाळीस खड्डे परत बुजवले. म्हणजे एकोणचाळीस. एकाच्या कडेला उकरलेल्या मुरमात टिटवीने चार अंडी घातली होती. तिथे आम्ही फिरकलोच नाही. आण्णा मात्र तिथून जाताना लांबूनच म्हणायचे, "बगा, एक तरी कामाला आला."

*

पूर्वेकडची भिंत रंगवायची होती, आणि नीलाताईंचं म्हणणं, रंग गावातलाच पाहिजे. म्हणून आम्ही घरोघरी जाऊन सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या रानातली ओंजळभर माती आणायची. रविवारी माणसं आली. कुणी डब्यात, कुणी पिशवीत, एका आजींनी तर पदराच्या गाठीत बांधून आणली होती. आम्ही ती कुटली, वस्त्रगाळ केली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि भिंतीवर एकेकाचा एकेक पट्टा ओढत गेलो. खाली खडूने नाव. काळी, तांबडी, राखाडी, एक तर चक्क जांभळट! एकाच गावात एवढे रंग आहेत हे गावालासुद्धा माहीत नव्हतं. लोक वाकून वाकून बघत होते.

ज्ञानूदादा आणि संपत हे सख्खे भाऊ. वडील गेल्यापासून बांधावरून दोघांची कोर्टात केस चालू. बोलणं बंद, एकमेकांच्या दारावरून जाणं बंद. दोघंही आले होते, दोन टोकांना उभे होते. आणि कसं कोण जाणे, दोघांचे पट्टे आले शेजारी शेजारी.

ओले होते तोवर काही कळलं नाही. वाळले, आणि बघतो तर काय! दोन्ही पट्टे एक. मधली रेघसुद्धा दिसेना!

नीलाताई हळूच म्हणाल्या, "बघा, एकच रंग आहे." आता हे दोघं गळ्यात पडणार, असं वाटून मी मोबाईलसुद्धा काढला.

ज्ञानूदादा पुढे झाला. पट्ट्यावरून बोट फिरवलं, डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. आणि सगळ्यांकडे वळून ओरडला, "म्हंजे म्या कोर्टात सांगतुय ते खरं हाय! ह्यानं माझ्याच रानातली माती आणलीया!"

"तुझ्या रानातली? बांध कुनी सरकवला रं?"

पुढचा अर्धा तास कुणाला रंगकाम करता आलं नाही.

श्रावणात एका दुपारी संपत एकटाच आला. भिंतीपुढे उभा राहिला. खाली लिहिलेली नावं पावसाच्या झडीने केव्हाच पुसली होती. मला म्हणाला, "ह्यातला दादाचा पट्टा कंचा?"

मी पाहिलं. मला खरंच सांगता येईना.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "बरं हाय."

केस अजून चालू आहे. तारखेला दोघंही न चुकता जातात. वेगवेगळ्या एसटीने.

*

गॅसच्या केवायसीसाठी एक तरुण आला होता. नीलाताईंना सही करायची होती. त्यांचा उजवा हात तेव्हा नुकताच कापायला लागला होता. आम्हाला दिसायचं, पण त्या बोलायच्या नाहीत, म्हणून आम्हीही नाही.

त्यांनी सही केली. त्याने जुन्या कागदाशी ताडून पाहिली. "मॅडम, मॅच नाही होत. परत करा." परत केली. परत नाही. सहा सह्या झाल्या, सहाही वेगळ्या. तो बिचारा वैतागून म्हणाला, "मॅडम, यातली कुठली तरी एक ठरवा ना!"

शेवटी अंगठा घेऊन गेला. चाळीस वर्षं चित्रावर सही करणाऱ्या बाईचा अंगठा. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उगाचच कपबशा विसळत बसले.

तासाभराने गेले तर त्या माळाकडे तोंड करून चित्र काढत होत्या. मी मागे उभी राहिले. न वळताच त्या म्हणाल्या, "केतकी, बघ गं. इतकी वर्षं हात पक्का होता ना, म्हणून माझं गवत तारेसारखं यायचं. आता बघ कसं हलतंय!"

*

सुभेदार आबा फौजेतून रिटायर होऊन गावी आलेले. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्री, बोलण्यात निम्मं हिंदी. आमच्या चित्रकलेच्या वर्गाला बसायला माणूस हवा होता. आबा म्हणाले, "मैं बैठता हूँ. हलायचं न्हाई एवढंच न्हवं? ड्यूटीवर चार-चार घंटे उभं ऱ्हायलोय."

आणि खरंच हलले नाहीत! पण हलले नाहीत म्हणजे काय, सावधानमध्ये उभे राहिले. छाती पुढे, नजर समोर. नीलाताई म्हणाल्या, "आबा, जरा सैल उभे राहा." आबांनी खटकन पाय फाकवून विश्राम घेतला. विश्राम जास्तच कडक! "खुर्चीत बसा." बसले, गुडघ्यावर मुठी, पाठ भिंतीसारखी. आठवडाभर आम्ही पुतळाच काढत होतो.

शनिवारी मधल्या सुट्टीत चहा आला. आमचं कुत्रं गवतातून आलं आणि कान झाडायला लागलं. कुसळ गेलं असावं. आबा ओसरीच्या कडेला उकिडवे बसले, कुत्र्याचं डोकं गुडघ्याशी धरलं आणि चष्मा कपाळावर सरकवून कुसळ शोधायला लागले. "थांब रं गड्या, थांब. दुखतंय व्हय? झालं, झालं." मी चहा ठेवला आणि काढायला घेतलं. दहा मिनिटांत उतरलं.

मी भीत भीतच आबांना ते दाखवलं. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"ह्ये कुनाचं हाय?"

"तुमचं, आबा."

"मी असा बसतो?" ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमचे दादा, म्हंजे वडील, असे बसायचे. बैलाच्या पायातला काटा काढायला. बरोब्बर असेच." कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "दादा गेले तवा मी बॉर्डरला. तार मिळाली, पर बरफात रस्ता बंद. सतरा दिवसांनी पोचलो. त्यांचा फोटो कवा काढलाच न्हवता कुनी."

चित्र त्यांनी मागितलं नाही. मीच गुंडाळी करून हातात दिली. 

दिवाळीत त्यांच्या घरी फराळाला गेलो. समोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये ते चित्र. वर चंदनाचा हार! मी दचकलेच. जिवंत माणसाच्या चित्राला हार! तेवढ्यात कुणी पाहुणे आले. त्यांना बसवत आबा म्हणाले, "बसा. हे आमचे वडील."

पाहुणे म्हणाले, "तुमच्यावरच गेलेत हो अगदी."

*

माझे बाबा मला न्यायला आले, तो दिवस मात्र वेगळाच! आम्ही सांगलीचे, विश्रामबागला फ्लॅट. बाबा शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. मुलगी चांगली नोकरी सोडून कुठल्या तरी माळावर शेण-माती करते, हे त्यांना आठ महिने कुणाला सांगता आलं नव्हतं. पहाटेची एसटी पकडून, भडंगाची मोठी पिशवी घेऊन ते आले. चेहऱ्यावर पूर्ण तयारी. दोन वाजताच्या गाडीने मला घेऊन परत जायचं.

फाटकाशी शालनमावशी भेटल्या. बाबांनी माझं नाव सांगितलं. मावशींनी आत तोंड करून हाक मारली, "आवं, पेशंटचं वडील आल्यात!"

बाबा जे पांढरेफटक पडले! मी धावत बाहेर आले तर ते माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागले. त्यांची समजूत घालता घालता बारा वाजले.

जेवण झाल्यावर मी त्यांना बियाण्याची खोली दाखवायला नेलं. खरं तर वेळ काढत होते, त्यांनी विषय काढू नये म्हणून. गाडग्यांमध्ये, बाटल्यांमध्ये, राखेत घोळून ठेवलेलं बी. बाबा हात मागे बांधून इन्स्पेक्शनसारखं बघत होते. एका बाटलीपाशी थांबले. आत घेवडा होता. पांढरट दाणा, त्यावर एका बाजूलाच काळे शिंतोडे.

"हे कुठलं?"

"मावशींच्या माहेरचं आहे. का हो?"

बाबांनी बाटली उघडून चार दाणे तळहातावर घेतले. "हा आमच्या गावी होता, कुंडलला. आमच्या आईच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर. मी तिसरीत असेन. पुढे परसापर्यंत ऊस आला, त्यानंतर नाही पाहिला कधी." मग एकदम म्हणाले, "आम्ही याला म्हशी म्हणायचो. ही बांडी म्हैस, ही कपिला. भांडायचो यांच्यावरून."

दोनची गाडी गेली. बाबांनी विषय काढलाच नाही. चारच्या गाडीने एकटेच निघाले. फाट्यावर सोडायला गेले तेव्हा सारखे खिसा चाचपत होते. मूठभर घेवडा होता त्यात. एसटीत चढताना एवढंच म्हणाले, "झोप येते ना गं आता?" मी हो म्हणाले.

अडीच महिन्यांनी आईचा फोन. "तुला आणायला गेले आणि घेवडा घेऊन आले! सगळ्या गॅलरीला वेल चढलाय, कपडे वाळत घालायला जागा नाही. एवढ्या शेंगा लागल्यात, पण एका वेळची भाजी करू देतील तर शपथ! म्हणे, बी धरायचंय. कुणासाठी धरायचंय, विचारलं तर बोलत नाहीत."

*

मैत्रिणी नेहमी विचारतात, एवढं आवडलं होतं तर आलीस कशाला? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, हे खरं उत्तर. ते होऊन आई चालायला लागली, मग पुण्यात नोकरी बघितली, हेही खरंच. आता जायचं म्हटलं तर पुण्याहून पाच तासांचा रस्ता. एवढं काही लांब नाही. दर शुक्रवारी बॅग भरावीशी वाटते. दर सोमवारी मी ऑफिसात असते. तिथे माझ्या जागी आता दुसरं कुणीतरी केरसुणी शोधत असेल. ते मला बघायचंय, आणि बघायचं नाहीये.

असो. हा एक सांगते आणि संपवते. डबाही संपलाय.

थंडीत आमच्याकडे देबू आला. कोलकात्याचा, आवाज रेकॉर्ड करणारा. त्याला माळाचा आवाज हवा होता, पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंतचा. तीन आठवडे तो रोज धुक्यात माईक लावून बसायचा, पण कधी वारा, कधी ट्रॅक्टर, कधी लांबचा डीजे. एका सकाळी मात्र सगळं जुळून आलं. वारा पडलेला, चंडोल गायला लागलेला. आठ मिनिटं निर्मळ रेकॉर्डिंग झालं. आम्ही लांब उभे राहून श्वास रोखून बघत होतो.

माईकला वारा लागू नये म्हणून केसाळ टोपी असते. मावशींच्या चंद्री शेळीला ती दिसली! गळ्यातली घंटा वाजवत ती थेट माईकपाशी. आणि मागून मावशी धावत, "हाट्! हाट् म्हनते न्हवं! काय खाया कमी हाय का तुला? ये हिकडं. ये माझी बाय, ये."

देबू डोकं धरून बसला. मग रात्रंदिवस कॉम्प्युटरवर बसून त्याने तेवढा तुकडा कापला, अगदी सफाईने, जोड कळणार नाही असा.

मावशींनी ते ऐकलं. म्हणाल्या, "आमच्या ह्यास्नी मुंबईला धाडता येतंय का? तिथं त्यास्नी चिमणीबी ऐकू येत न्हाई." मावशींच्या मालकांना आम्ही तात्या म्हणायचो. देबूने व्हॉट्सॲपवर पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा मलाच फोन. "आवाज लय भारी हाय. सगळा माळ डोळ्यापुढं आला. पर मधी कायतरी तोडलंय का?"

मी चाटच पडले. "नाही... म्हणजे, तुम्हाला कसं कळलं तात्या?"

"चंद्रीची घंटा येती लांबनं. मग एकदम न्हाईच. चंद्री एकटी कवा येत न्हाई."

मी देबूला सांगितलं. त्याने मूळ फाईल शोधली आणि होती तशी सगळीच्या सगळी पाठवून दिली.

पुढे महिन्याभराने मावशींची एक नवीनच तक्रार सुरू झाली. तात्या फोन उचलत नाहीत. "दोनदा लावल्याबिगर उचलतच न्हाईत बगा आता! पयल्या बारीला नुसता वाजतुया, वाजतुया, आन् बंद. दुसऱ्या बारीला लगीच उचलत्यात. कान गेलं बहुतेक. त्या मार्केटातल्या कालव्यानं."

चैत्रात गावची यात्रा. मी निघायच्या आधीचा आठवडा होता तो. तात्या आले. सकाळी आमच्याकडे चहाला आले, ओसरीवर बसले. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, फार न बोलणारे. नीलाताई होत्या, देबू होता, मी होते. मावशी त्यांच्या रानातल्या घरी पुरणपोळ्यांच्या गडबडीत.

चहा निम्मा झाला आणि तात्यांचा फोन वाजला.

चंडोल गात होता. मग लांबून घंटा, जवळ जवळ येणारी. आणि मग, खच्चून, "हाट्! हाट् म्हनते न्हवं! काय खाया कमी हाय का तुला? ये हिकडं..."

देबूच्या हातातला कप तसाच राहिला. मी म्हणाले, "तात्या, मावशींचा फोन असेल. उचला की!"

तात्यांनी फोन खिशातून काढून तळहातावर धरला होता. उचलला नाही. आमच्या कुणाकडे बघत नव्हते. "...ये माझी बाय, ये." परत चंडोल. फोन वाजून वाजून आपोआप बंद झाला.



परत वाजला. चंडोलाने तोंड उघडायच्या आत तात्यांनी उचलला. "हां, बोल."

पलीकडून मावशींचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. जेवाय येताय का न्हाई, कवाधरनं फोन लावतीया, कानात काय बोळं घातल्यात का!

"न्हाई गं," तात्या म्हणाले. "पयला ऐकूच आला न्हाई."